गाडीच्या अंगावरची जखम आणि दुरुस्तीचा हिशोब

चातुर्मास सरतो, कार्तिकी पौर्णिमा उलटते आणि जैन घरांमध्ये दोन गोष्टींची लगबग एकदमच सुरू होते : लग्नसराई आणि तीर्थयात्रा. कुंभोज-बाहुबली, कुंथलगिरी, मांगीतुंगी, श्रवणबेळगोळ अशा वाटांवर कुटुंबांच्या गाड्या धावू लागतात. नेमक्या याच दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. सांगली-कोल्हापूर भागातील रस्त्यांवर उसाने ओथंबलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि त्यांना ओलांडताना लहान गाड्यांच्या अंगावर एखादा तरी ओरखडा उमटतोच.

समजा, अशाच एका यात्रेहून परतताना एका कुटुंबाच्या सहा वर्षांच्या लहान मोटारीला ट्रॉलीची लोखंडी कड घासून गेली. कोणालाही इजा झाली नाही. मात्र डावीकडचे मागचे दार आणि त्याला लागून असलेला चाकावरचा पत्रा यांवर हातभर चरा उठला आणि दारावर मुठीएवढा पोचा पडला. दुसऱ्या दिवशी गाडी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेली. कारागिराने खर्च सांगितला ९,००० रुपये, आणि लगेच जोडून म्हणाला, "अण्णा, खिशातनं कशाला घालताय? विम्यात घालू. पुढच्या बंपरचा तो जुना चराही त्यातच बसवू. गाडी खांबाला घासली असं लिहिलं की झालं." मागच्या आसनावर बसलेला बारा वर्षांचा मुलगा हे सारे ऐकत होता.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी तो बहुतेक कुटुंबांच्या अनुभवाचा आहे. त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. कोणती जखम भरून काढणे आवश्यक आहे आणि कोणती तशीच राहिली तरी बिघडत नाही? तिला किती खर्च यावा? आणि तो खर्च कोणी, कोणत्या मार्गाने करावा? पहिले दोन प्रश्न पत्रा आणि रंग यांच्या ज्ञानाने सुटतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र हिशोब आणि व्रत या दोहोंची कसोटी लागते.

रंगाखाली काय असते?

मोटारीचा रंग केवळ शोभेसाठी असतो, हा मोठा गैरसमज आहे. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा तयार झाला की तो धुऊन स्वच्छ केला जातो, त्यावर फॉस्फेटचा सूक्ष्म थर चढवला जातो आणि मग अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवला जातो. त्यानंतर आणखी एक प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजात 'क्लिअर कोट' म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाहून फारशी अधिक भरत नाही. त्याखाली पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पोलादी पत्रा असतो.

पावसापासून आणि हवेतील ओलाव्यापासून या पत्र्याचे रक्षण करणारा हा कागदाएवढा पडदा किती खोलवर फाटला आहे, यावर दुरुस्तीची निकड ठरते. जखम डोळ्यांना किती खुपते, यावर ती ठरवू नये. दुर्दैवाने बहुतेक वेळा खर्चाचा निर्णय डोळ्यांच्या सांगण्यावरून होतो.

चरा : नखाची परीक्षा

चऱ्याची खोली ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. गाडी धुऊन कोरडी झाल्यावर चऱ्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही, तर चरा बहुधा पारदर्शक थरातच आहे. असे चरे रबिंग आणि पॉलिशने निघून जातात किंवा दिसेनासे होतात. लहान मोटारीला संपूर्ण रबिंग-पॉलिश करण्यास साधारण १,५०० ते ३,००० रुपये पडतात. एकाच भागाचे काम काही शेकड्यांत होते. मात्र रबिंग म्हणजे पारदर्शक थर किंचित घासून सपाट करणे. दर दोन-चार महिन्यांनी हौसेने रबिंग करून घेणारा मालक पैसे मोजून आपल्याच गाडीचे कवच पातळ करीत असतो.

नख अडकत असेल, पण आत धातूची चमक किंवा तांबूस डाग दिसत नसेल, तर जखम रंगाच्या किंवा प्रायमरच्या थरापर्यंत गेलेली असते. येथे कंपनीच्या रंगक्रमांकाशी जुळणारा टच-अप रंग पुरतो. हा क्रमांक दाराच्या खांबावरील किंवा इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर अथवा गाडीच्या पुस्तिकेत सापडतो. टच-अपची बाटली किंवा पेन ३०० ते ८०० रुपयांत मिळते. चंदेरी आणि मोतिया रंगांत धातूचे किंवा अभ्रकाचे कण असल्याने टच-अप जवळून दिसून येतो, पण पाणी आत शिरत नाही आणि मुख्य काम साधते.

आत उघडा पत्रा दिसत असेल, तर मात्र विलंब करू नये. पावसाळ्यात किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्यावर काही दिवसांतच गंज धरतो. येथे तो संपूर्ण भाग घासून, प्रायमर देऊन पुन्हा रंगवावा लागतो. गॅरेजच्या भाषेत अशा एकेका भागाला 'पॅनेल' म्हणतात : दार हे एक पॅनेल, बोनेट हे दुसरे, चाकावरचा पत्रा हे तिसरे. लहान मोटारीच्या एका पॅनेलच्या रंगकामाला चांगल्या स्थानिक गॅरेजात साधारण २,५०० ते ४,५०० रुपये आणि कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत ४,००० ते ७,००० रुपये पडतात. मोठ्या गाडीला आणि मोतिया रंगाला अधिक. गाव, रंगाची प्रत आणि कामाची रीत यांनुसार हे आकडे बदलतात. दोन ठिकाणी लेखी अंदाजपत्रक घेतल्याशिवाय काम देऊ नये.

चरा वीतभर असताना रंग सबंध दाराला का लावायचा, असा प्रश्न अनेकांना पडतो. मधेच रंग थांबवला तर जुन्या-नव्याची सीमा उन्हात स्पष्ट दिसते. म्हणून कारागीर पॅनेलच्या कडेपर्यंत जातो. चंदेरी रंगात तर शेजारच्या पॅनेलवरही रंग हलकेच विरवत नेतो. कामाचा दर्जा मोठ्या प्रमाणात जागेवर अवलंबून असतो. धूळमुक्त बूथमध्ये रंग देऊन तो उष्णतेने वाळवला, तर वर्षानुवर्षे टिकतो. रस्त्याच्या कडेला उघड्यावर दिलेल्या रंगात धुळीचे कण बसतात आणि पुढे त्याचे पोपडे निघू लागतात.

पोचा : ठोकणे, ओढणे आणि लांबी

पोचा पडला, पण रंगाला तडा गेला नाही, तर रंग न देताही तो निघू शकतो. पत्र्याच्या मागून खास सळ्यांनी हळूहळू दाब देऊन किंवा बाहेरून गोंदाने धरून ओढून कुशल कारागीर पत्रा पूर्ववत करतो. एका लहान पोच्याला साधारण १,००० ते २,५०० रुपये पडतात आणि कारखान्यातला मूळ रंग शाबूत राहतो, हा मोठा लाभ. पत्रा ताणला गेला असेल किंवा पोचा अगदी कडेवर अथवा घडीवर असेल, तर ही पद्धत चालत नाही. उकळते पाणी ओतून पोचा काढण्याची युक्ती प्लास्टिकच्या बंपरला कधीकधी लागू पडते. पोलादी पत्र्यावर तिचा उपयोग नाही.

रंग फाटलेला पोचा आधी ठोकून किंवा ओढून शक्य तितका सपाट करावा लागतो आणि उरलेली बारीक असमानता लांबी भरून समतल केली जाते. येथेच कारागिराची नीती दिसते. लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावी. पत्रा सरळ करण्याचे कष्ट टाळून खड्डाच लांबीने बुजवला, तर गाडी गॅरेजातून निघताना सुंदर दिसते आणि वर्ष-दोन वर्षांत तिथे भेगा पडतात. भेगांतून पाणी, पाण्यातून गंज. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवले, तर जाड लांबीच्या जागी ओढ कमी जाणवते. जुनी गाडी विकत घेतानाही ही परीक्षा उपयोगी पडते. लांबी आणि रंग देण्यापूर्वी ठोकलेला पत्रा मालकाने एकदा स्वतः पाहावा, हा सर्वांत स्वस्त विमा.

भाग बदलावा की दुरुस्त करावा, हाही नेहमीचा प्रश्न. दारे, बोनेट आणि पुढच्या चाकांवरचे पत्रे नट-बोल्टने बसवलेले असतात, त्यामुळे ते बदलणे सोपे असते. मागच्या चाकावरचा पत्रा सांगाड्याला कायमचा जोडलेला असतो. तो बदलायचा तर कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागते आणि कारखान्यातील गंजरोधक थर त्या जोडावर नष्ट होतो. म्हणून तिथे शक्यतो दुरुस्तीच बरी. धडक मोठी असेल आणि दार लागताना घासत असेल, दोन भागांतील फट असमान दिसत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रश्न केवळ पत्र्याचा राहत नाही. सांगाड्याची मोजणी करून घ्यावी.

बंपर आणि काच

बंपर बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो आणि प्लास्टिक गंजत नाही. त्यामुळे बंपरवरचा चरा हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. तो वर्षानुवर्षे तसाच राहिला तरी गाडीचे आयुष्य कमी होत नाही. शहरात राहणाऱ्या गाडीच्या बंपरवर चार चरे असणे हे तिचे काम नीट चालल्याचे लक्षण मानावे, कारण लहानसहान धक्का स्वतः झेलण्यासाठीच तो असतो. रंग द्यायचाच ठरवला तर साधारण २,५०० ते ४,५०० रुपये लागतात. तडा गेला असेल तर प्लास्टिक वेल्डिंगने ५०० ते १,५०० रुपयांत तो सांधता येतो. बसवण्याच्या खुंट्या तुटल्या असतील किंवा बंपर लोंबत असेल, तर मात्र तो बदलावा. सुटलेला बंपर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला घातक ठरू शकतो.

पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते, म्हणून दगड लागला तरी ती विखरत नाही. चालकाच्या दृष्टिरेषेपासून दूर असलेली लहान टिचकी राळ भरून ५०० ते १,५०० रुपयांत थोपवता येते. त्यासाठी धूळ आणि पाणी आत शिरण्यापूर्वी जावे आणि तोवर तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. टिचकीची भेग झाली, की काच बदलण्यावाचून उपाय नाही. लहान मोटारीला तो खर्च साधारण ५,००० ते १०,००० रुपयांच्या घरात जातो.

गंज : मौन राहणारा शत्रू

चरा आणि पोचा दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. गंज आतून पसरतो, म्हणून तो अधिक महाग पडतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो आणि पृष्ठभागावर पुरळासारखे फुगवटे येतात. असा फुगवटा दिसला, की खाली त्याहून मोठ्या भागात गंज असतो असे धरून चालावे.

त्याच्या आवडत्या जागा ठरलेल्या आहेत : दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानींचा आतला भाग, दारांखालचा आडवा पाट, डिकीतील जादा चाकाचा खळगा आणि पायाखालच्या गालिच्याखालचा पत्रा. दारात काचेच्या फटीतून पावसाचे पाणी उतरतच असते. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी लहान भोके ठेवलेली असतात. माती आणि पाला यांनी ती बुजली, की दार म्हणजे पाण्याची टाकी बनते. वर्षातून दोनदा प्लास्टिकच्या काडीने ही भोके मोकळी करणे हे पाच मिनिटांचे, बिनखर्चाचे काम आहे. ते न केल्यामुळे पुढे दाराचा तळ कापून नवा पत्रा जोडावा लागतो.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठी अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीत गाळ पाटाच्या पोकळीत जाऊन बसतो आणि वरून स्वच्छ दिसणारी गाडी आतून गंजत राहते. पुराचे पाणी शिरलेल्या गाडीचे गालिचे, आसने आणि दारांची आतली आवरणे काढून सर्व पोकळ्या धुऊन वाळवल्याखेरीज तिला रंग देणे म्हणजे ओल्या भिंतीला चुना लावणे होय.

ठिपक्याएवढा गंज घासून, गंजरोधक रसायन व प्रायमर देऊन, टच-अप करण्यास ५०० ते १,५०० रुपये पुरतात. पॅनेलभर पसरलेल्या गंजाला रंगकामासह ४,००० ते ७,००० रुपये लागू शकतात. पाटाला भोक पडले, तर कापणे, जोडणे आणि रंगवणे मिळून खर्च १०,००० रुपयांच्या पुढे जातो. शिवाय पाट आणि खांब हे गाडीचे वजन व धडकेचा आघात पेलणारे भाग असल्याने तेथील गंज हा प्रवाशांच्या जिवाशी निगडित असतो. खर्च करायचाच असेल, तर तो येथे आधी करावा. गंज ही झीज समजली जात असल्याने विमा तिची भरपाई देत नाही.

विमा : काय मिळते, काय जाते

आता त्या ९,००० रुपयांकडे वळू. त्यांतील २,००० रुपये पत्राकामाचे आणि ७,००० रुपये दोन पॅनेलच्या रंगकामाचे, असे धरू. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हा खर्च भरून देतो, पण पूर्ण नव्हे. १,५०० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. त्यापुढील क्षमतेच्या गाडीला २,००० रुपये. रंगकामाच्या एकत्रित बिलात साहित्याचा वाटा २५ टक्के धरला जातो आणि त्यावर ५० टक्के घसारा लागतो. म्हणजे ७,००० रुपयांपैकी १,७५० रुपये साहित्याचे आणि त्यांतील ८७५ रुपये मालकाचे. हिशोब असा होतो : ९,००० वजा १,००० वजा ८७५, म्हणजे विमा कंपनीकडून ७,१२५ रुपये. नवा भाग बसवला असता, तर प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापला गेला असता. ५ ते १० वर्षांच्या गाडीस तो ४० टक्के असतो. काचेवर घसारा लागत नाही. 'शून्य घसारा' हे जादा कलम घेतले असेल, तर ही कपात बहुतांशी टळते.

हे झाले मिळणारे. जाणारे मात्र बिलावर दिसत नाही. दावा न करणाऱ्यास दर नूतनीकरणाला हप्त्यात सवलत मिळते, तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. एका दावारहित वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक दावा केला, की ही शिडी पुन्हा शून्यापासून चढावी लागते.

या कुटुंबाला ५० टक्के सवलत मिळत होती आणि स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा सवलतीपूर्वीचा वार्षिक हप्ता १०,००० रुपये होता, असे समजू. दावा केल्यास पुढच्या नूतनीकरणात सवलत शून्य, म्हणजे ५,००० रुपये अधिक भरावे लागतील. त्यानंतरच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे ३,००० रुपये अधिक. पुढील तीन वर्षांत अनुक्रमे २,५००, १,५०० आणि ५०० रुपये. एकूण १२,५०० रुपये. गाडीची किंमत दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा काहीसा कमी होईल. तरी पहिल्या दोन वर्षांतच ७,१२५ रुपयांचा लाभ पुसला जातो. म्हणजे फुकट वाटणारी दुरुस्ती स्वतःच्या खिशातून केलेल्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

अर्थात पुढच्या काही वर्षांत दुसरा दावा करावाच लागला, तर हिशोब बदलेल. आणि नुकसान ३०,०००-४०,००० रुपयांचे असेल, तर विमा त्यासाठीच घेतलेला असतो. तेथे संकोच करू नये. मात्र दावा करायचा असेल तर विमा कंपनीला त्वरित कळवावे आणि सर्व्हेअरने पाहणी करेपर्यंत गाडीला हात लावू देऊ नये. बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो, हेही लक्षात ठेवावे : जुनी गाडी विकली तरी प्रमाणपत्र घेऊन तो नव्या गाडीकडे नेता येतो. विम्याची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर तो बुडतो.

कूटलेख आणि जुना बंपर

कारागिराच्या सूचनेत आणखी एक गोष्ट होती : जुना चरा नव्या अपघातात बसवणे आणि कधी न लागलेला खांब कागदावर उभा करणे. गॅरेजात ही इतकी सर्रास चालते, की तिला कोणी खोटेपणा म्हणत नाही, 'अॅडजस्टमेंट' म्हणतात. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. दाव्याच्या अर्जावर न घडलेला अपघात लिहिणे हे त्याचे सरळ उदाहरण होय. विमा कंपनी बदलताना पूर्वी केलेला दावा लपवून बोनस मागणे, हे दुसरे.

कायद्याच्या दृष्टीनेही हा खेळ महागात पडतो. विम्याचा करार दोन्ही पक्षांच्या संपूर्ण प्रामाणिकपणावर उभा असतो. खोटी माहिती उघड झाली, तर दावा फेटाळला जातो. पुढच्या बंपरचा जुना चरा आणि डावीकडच्या दारावरचा नवा पोचा एकाच धक्क्यात कसे झाले, हे सांगणे अनुभवी सर्व्हेअरला कठीण जात नाही. चऱ्याची उंची, दिशा आणि त्यात साचलेली धूळ सत्य सांगून टाकतात.

त्याच अध्यायात अचौर्याणुव्रताचे अतिचारही आहेत आणि ते दुरुस्तीच्या व्यवहाराला थक्क करावे इतके लागू पडतात. बाजारात संशयास्पद स्वस्त मिळणारा, कोणाच्या तरी गाडीवरून काढलेला आरसा घेणे म्हणजे तदाहृतादान, चोरीचा माल स्वीकारणे. नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली भाग घालून विकणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहार; जाणूनबुजून तो घेणाराही त्यातून सुटत नाही. स्वतःच्या नावाने विकला जाणारा पर्यायी भाग मात्र नकली नव्हे; तो कमी दरात घेण्यात गैर काही नाही, फक्त बसतो नीट का ते पाहावे. "बिल नको असेल तर कर वाचेल" या प्रस्तावाचा स्वीकार करणे हे विरुद्धराज्यातिक्रमाच्या जवळ जाते. शिवाय दुरुस्तीवरील १८ टक्के कर वाचवण्यासाठी बिल सोडणारा ग्राहक रंगाचे पोपडे निघाल्यावर दाद मागण्याचा आधारही सोडून देतो.

दुसऱ्याच्या गाडीला आपल्याकडून चरा उठला तर काय करावे, हेही याच ओघात आले. देरासराच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात गाडी मागे घेताना असे घडते आणि पाहणारे कोणी नसते. काचेवर नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवून जाणे, हे तीन-चार हजारांचे देणे असते. वर्षाकाठी एकदा क्षमा मागण्यापेक्षा ते त्याच दिवशी फेडलेले बरे.

निगा : कमी खर्चाची, कमी हिंसेची

दुरुस्तीचा बराचसा खर्च निगेने टळतो. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि साखर कारखान्याच्या धुराड्यातून पडणारी काजळी उन्हात रंगाला चिकटून डाग पाडतात. त्या कोरड्या फडक्याने घासू नयेत, कारण त्यातील कण वाळूच्या कागदासारखे काम करतात. ओले फडके दोन मिनिटे ठेवून मग अलगद उचलाव्यात. रात्रीच्या प्रवासात, विशेषतः पावसाळ्यात, बोनेटवर आणि काचेवर असंख्य कीटक चिरडले जातात. त्यांचे अवशेषही रंगाला खातात. रात्रीचा अनावश्यक प्रवास टाळण्यामागचा व्रताचा विचार आणि रंगाची काळजी येथे एकाच दिशेला येतात.

नळीने धो-धो पाणी सोडण्याची गरज नसते. धूळ आधी थोड्या पाण्याने निथळू द्यावी आणि मग दोन बादल्या घ्याव्यात : एकीत सौम्य साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी. गाडी पुसण्यासाठी विकले जाणारे 'शामॉय' मुळात मेंढी-बकरीच्या कातड्याचे असते. त्याऐवजी मायक्रोफायबरचे कापड घ्यावे, ते पाणीही अधिक शोषते. पॉलिशचा मेण मधमाशांचा आहे की कार्नोबा ताडाच्या पानांचा, हे डब्यावर वाचून घ्यावे. हजारो रुपयांचे सिरॅमिक कोटिंग चकाकी देते आणि धुणे सोपे करते. पण ते पोचा थांबवत नाही आणि खोल चराही अडवत नाही. कोकणात राहणाऱ्यांनी त्याऐवजी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप देणे अधिक शहाणपणाचे.

त्या कुटुंबाच्या मोटारीचे पुढे असे झाले, की दार आणि चाकावरचा पत्रा यांत उघडा धातू दिसत होता, म्हणून ते काम लगेच करून घेतले गेले. लांबी भरण्यापूर्वी वडील मुलाला घेऊन गॅरेजात गेले आणि ठोकलेला पत्रा दोघांनी पाहिला. ९,००० रुपये बिलासह खिशातून दिले. हिशोब वडिलांनी वहीच्या पानावर मुलाकडूनच मांडून घेतला, तेव्हा आधी विमा सुचवणारा कारागीरही तो वाकून पाहत होता. पुढच्या यात्रेला गाडी निघाली, तेव्हा पुढच्या बंपरवरचा जुना चरा होता तसाच होता.